खोली क्रमांक सहाची चिठ्ठी

एकोणतीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? आम्हीही कितीकांना देत नाही! पण मी कोइम्ब्राच्या ग्रंथालयात चाळीस वर्षं सूचिकार होतो. लाखभर पुस्तकांची कार्डं माझ्या हाताखालून गेली आणि एकही चुकीच्या खणात गेलं नाही. ही एवढी एकच बढाई मला मारता येते, म्हणून ती आधीच मारून घेतो. पुढे जे सांगणार आहे त्यानंतर कुणी ती ऐकून घेणार नाही.

पत्र ओतीलियाचं होतं. ती डोंगरातल्या फ्रागोझा गावची मास्तरीण. शाळेची पुस्तकं नीट लावायला शिकायचं म्हणून त्या उन्हाळ्यात सहा आठवडे माझ्या टेबलाशी येऊन बसायची. हात कायम खडूने पांढरे! ग्रंथालयात फळा नव्हता. खडू कुठून आणायची, देव जाणे. जिना चढायची तो पळतच. मी मान खाली घालून कार्डं लिहीत असलो तरी पावलांवरून मला कळायचं की आता उजाडलं.

ती मला 'सेन्योर दोतोर' म्हणायची. चष्मा आणि पुस्तकांची पिशवी दिसली की आमच्याकडे कुणाचाही दोतोर होतो, औषधाशी त्याचा संबंध नसतो. आणि मी तिला काय म्हणायचो? काहीच नाही! 'तू' म्हणावं तर सलगी, 'आपण' म्हणावं तर नगरपालिकेची नोटीस, आणि मधल्या 'तुम्ही'ला आमच्या भाषेत जरा उर्मटपणाचा वास येतो. तेव्हा माझ्यासारखी भित्री माणसं समोरच्याशी त्याच्याच नावाने, पण तो तिथे नसल्यासारखं बोलतात.

"ओतीलियाला खिडकी बंद हवी आहे का?" मी विचारायचो.

ती मागे वळून बघायची. "कोण ओतीलिया? आली का ती?"

ती गावी परत गेली आणि नोव्हेंबरात पत्र आलं. 'एव्हारिस्तो, इकडे चेस्टनट भाजायला लागलेत. तू ये. कधी येतोस आणि सकाळी काय खातोस, एवढंच कळव.' सोबत तिच्याच अक्षरात तिचाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट! म्हणजे मला काही करायलाच नको. नुसता कागद आत घालायचा!

पण त्या 'तू'ने माझी झोप उडवली. उत्तरात मीही 'तू' लिहायचं? आगाऊ वाटेल! 'आपण' लिहायचं? तिला वाटेल, मी रागावलो! मी मसुदे केले. 'तू'चे एक्केचाळीस, 'आपण'चे सत्तावीस. बुटांच्या खोक्यात ते क्रमवार लावून ठेवले, वर विषयसूचीही केली. उत्तर तेवढं राहिलं.

आणि गेल्या सोमवारी ग्रंथालयात भेट आलेल्या पुस्तकांचं एक खोकं उघडलं. मी निवृत्त झालो असलो तरी खोकी उघडायला मलाच बोलावतात. आत ओतीलियाची सगळी पुस्तकं आणि ग्रंथालयाच्या नावे चिठ्ठी: 'मी बहिणीकडे लक्झेंबर्गला कायमची निघाले आहे. येत्या शनिवारी घराला कुलूप लावीन. पुस्तकं सांभाळा.'

मी टोपी घातली. त्र्याहत्तराव्या वर्षी आयुष्यातला पहिला ठाम निर्णय घेतला: मंगळवारी फ्रागोझाला जायचं, तिथे उत्तर लिहायचं आणि बुधवारी सकाळी तिच्या हातात द्यायचं. चोख योजना! चुकण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. माझ्याशिवाय.

फ्रागोझात स्वस्त हॉटेल एकच. त्याचं नाव 'समुद्रकाठ'. समुद्र तिथून दोन डोंगर आणि अडीच तास लांब आहे. मालकीणबाई झुल्मिरा यांचे दिवंगत पती खलाशी होते. त्यांनी पाटी आधी रंगवली आणि जागा मागून मिळाली.

"या या, सेन्योर दोतोर!" झुल्मिराबाई म्हणाल्या. "खोली सहा घ्या, तिची खिडकी जवळजवळ बंद होते! ही गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरा. आणि ही नाश्त्याची चिठ्ठी जेवणाआधी भरून स्वयंपाकघराबाहेरच्या टोपलीत टाका. नाहीतर फेलिझ्मिना सकाळी चहा देते, आणि तिच्या चहाने माझे दोन प्रवासी गेले."

"वारले?"

"शेजारच्या गावी गेले!"

फेलिझ्मिना म्हणजे स्वयंपाकीण. पन्नाशीची, दारात मावणार नाही अशी आणि तिथेच उभी.

खोलीत पलंगावर धनगरी घोंगडी होती. ती अंगावर घेतली की मेंढी स्वतः येऊन बसल्यासारखं वाटे. तिच्याखालून जेमतेम हात बाहेर काढून मी आधी चिठ्ठी भरली. खोली: सहा. आल्याची तारीख. नाश्त्याची वेळ: साडेआठ. कॉफी: दुधाची. पाव: दोन. खाली सही. 'परतीची तारीख' या रकान्यापाशी मात्र पेन अडलं. मला कुठे ठाऊक होतं? तो रकाना कोरा ठेवला.

मग पत्र लिहायला घेतलं. मायना सुचेना, म्हणून वर चार बोटं जागा सोडली आणि 'तू', 'आपण' दोन्ही चुकवत, काट्यांतून चालावं तसं लिहीत गेलो: 'इतकी वर्षं उत्तर दिलं नाही, कारण हाक कशी मारावी तेच कळेना. आजही कळत नाही. पण ते पांढरे झालेले हात विसरलो नाही. जिन्यावरची ती पावलं विसरलो नाही. उद्या सकाळी समोर येईन. हो म्हटलं तर राहीन. नाही म्हटलं तर साडेदहाच्या बसने निघून जाईन. — एव्हारिस्तो.'

दोन्ही कागदांच्या चार-चार घड्या केल्या. एक खिशात ठेवला, एक खाली टोपलीत टाकला. जेवून वर आलो आणि मेंढीखाली शांत झोपलो.

सकाळी साडेआठला खाली उतरलो तो माझ्या टेबलावर फुलदाणी! पांढरा टेबलक्लॉथ! अख्खं चीज, मधोमध कापून चमचा खोचलेलं! संत्र्याचा केक! मला वाटलं, हंगाम नसताना बिचारे फारच आदरातिथ्य करतात.

फेलिझ्मिना आली. अंगात रविवारचा ब्लाउज, ओठांना लाली. कॉफी ठेवताना तिने दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. कोपरापर्यंत पीठ!

"पांढरे आहेत ना?" ती हळूच म्हणाली.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? होतेच पांढरे.

ती लाजून आत पळाली. तोच जिन्यावरून धाडधाड आवाज आला. झुल्मिराबाई कानांत सोन्याची मोठी कर्णफुलं घालून पळत खाली आल्या, पुन्हा वर गेल्या आणि पुन्हा पळत खाली आल्या.

"ऐकू आलं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"स्पष्ट," मी म्हणालो. "पण मी दोनच पाव मागितले होते..."

"तुम्ही काय मागितलंय ते अख्ख्या स्वयंपाकघराला ठाऊक आहे!" त्या माझ्या समोर बसल्या. "अहो, एवढी वर्षं का थांबलात? मला नुसतं झुल्मिरा म्हणायचं!"

"त्यांनी कशाला?" फेलिझ्मिना पुन्हा दारात. "चिठ्ठी माझ्या टोपलीत टाकलीये! स्वयंपाकघराच्या! पांढरे हात कुणाचे? तुम्ही तर पाण्यातसुद्धा हात घालत नाही!"

"आणि जिना कुणाचा? तू जिना चढलीस तर हॉटेल उतरेल!"

मी खिशात हात घातला. चार घड्यांचा कागद बाहेर काढला. उलगडला. 'कॉफी: दुधाची. पाव: दोन.'

माझ्या पायांखालून 'समुद्रकाठ' सरकलं! चाळीस वर्षांत एक कार्ड चुकीच्या खणात गेलं नव्हतं, आणि गेलं तेव्हा हे गेलं!

"बायांनो," मी कसाबसा म्हणालो, "ते पत्र... दुसरीसाठी होतं."

"बघ!" "बघा!" दोघी एकमेकींना एकदमच म्हणाल्या.

इतक्यात कोपऱ्यातली खुर्ची मागे ढकलून बेलार्मिनो उठला. तो टॅक्सी चालवतो आणि सहा वर्षं रोज सकाळी इथे कॉफी प्यायला येतो. घरी कॉफी नाही म्हणून नव्हे. झुल्मिराबाई कप ठेवतात तेव्हा तो कपाकडे बघत नाही, एवढं माझ्याही लक्षात आलं.

"दोतोर," तो म्हणाला, "साडेदहाच्या बससाठी कशाला थांबता? मी सोडतो कोइम्ब्राला. आत्ता. फुकट! बॅग कुठेय?"

"तू मध्ये पडू नकोस!" झुल्मिराबाई कडाडल्या.

"मध्ये? मी सहा वर्षं कडेलाच बसलोय!"

झुल्मिराबाईंचा हात कर्णफुलाकडे गेला. मला त्या माणसाची इतकी कीव आली, की धाडस नव्हे, पण त्याच्यासारखं काहीतरी माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"ओतीलियासाठी होतं ते!" मी म्हणालो. "मास्तरीण ओतीलियासाठी."

फेलिझ्मिनाने ओठांवरची लाली एप्रनने खसकन पुसली. बेलार्मिनोने टोपी काढली. दोघं अशी ताठ उभी राहिली, जणू बाई आता पाढे विचारणार!

"आमच्या बाई?" बेलार्मिनो म्हणाला.

"आमच्या बाईंना तुम्ही एवढी वर्षं ताटकळत ठेवलंत?" फेलिझ्मिनाचा आवाज चढला. "किती? किती वर्षं?"

"एकोणतीस."

"तरीच!" ती मटकन खाली बसली. "शाळा सुटली की बाई रोज पोस्टमनला फाटकापाशी गाठायच्या. माझा भाऊच पोस्टमन. तो म्हणायचा, बाई, आज नाही. त्या म्हणायच्या, असू दे रे, उद्या. आम्हाला वाटायचं, बहिणीचं पत्र. आणि ती तर दर रविवारी फोन करायची!"

माझ्याच्याने मान वर करवेना. मी चीजकडे बघत बसलो. डोंगरी चीज पातळ असतं. ते चमच्यावरून हळूहळू खाली उतरत होतं आणि मला वाटलं, हे आता माझ्याकडे बघून वितळतंय.

फेलिझ्मिना फोनपाशी कधी गेली ते कळलंच नाही. दहा मिनिटांनी दार उघडलं. ओतीलिया काठी टेकत आत आली. केस पांढरे, हात स्वच्छ.

"एव्हारिस्तो," ती म्हणाली, "तू म्हातारा झालास."

मी उठलो. एकोणतीस वर्षं जपलेली सगळी वाक्यं घशाशी आली, आणि बाहेर काय पडावं?

"ओतीलियाला... थंडी वाजते आहे का?"

तिने मागे वळून दाराकडे बघितलं. "कोण ओतीलिया? आली का ती?"

मग तिलाच हसू आलं. मला नाही. मला चष्मा पुसावा लागला.

झुल्मिराबाईंनी ते पत्र तिच्यापुढे धरलं. त्यावर पीठ, लोणी आणि लालीचं एक बोट उमटलं होतं. "घ्या बाई. चुकून आम्ही वाचलं. दोनदा."

"तीनदा," फेलिझ्मिना म्हणाली.

ओतीलियाने हात मागे घेतला. "मी नाही घेणार. पत्राचं उत्तर पत्राने यायला हवं, पोस्टाने. मी पोस्टमनची वाट बघितलीये, स्वयंपाकघराची नाही. पाकीट दिलं होतं मी. आहे की हरवलंस?"

मी कोटाच्या आतल्या खिशातून ते काढलं. कडा पिवळ्या पडलेल्या, तिचं तेव्हाचं तिरपं अक्षर, तेव्हाचं तिकीट. तिने ते बघितलं आणि तिकिटावरून बोट फिरवलं.

"हे तिकीट आता चालत नाही, बाई," बेलार्मिनो हळूच म्हणाला.

झुल्मिराबाईंनी कपाटातून नवं तिकीट काढलं आणि जुन्याशेजारी चिकटवलं.

"इथलं टपाल आधी खाली दरीत जातं, मग परत वर येतं," ओतीलिया म्हणाली. "आज बुधवार. शुक्रवारी पोचेल. शनिवारी सकाळी माझी गाडी आहे. वाचेन, आणि मग ठरवीन."

"कागदावर काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, बाई!" फेलिझ्मिना रडवेली झाली.

"मला माहीत नाही," ओतीलिया म्हणाली.

चौघं माझ्याकडे बघत होती. टेबलावर पाव, चीज, चमचे आणि कागद यांचा गोंधळ! मी चार घड्यांचा कागद उचलला, पाकिटात घातला, डिंक चाटला आणि पाकीट बंद केलं. समोर रस्त्यापलीकडे लाल पेटी होती. सगळी वरात माझ्यामागून निघाली. बेलार्मिनोने झुल्मिराबाईंना रस्ता ओलांडायला हात दिला, आणि पलीकडे पोचल्यावरही तो कुणी काढून घेतला नाही.

मी पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं. आणि तिथेही अडकलो!

"टाक," ओतीलिया म्हणाली.

टाकलं. आत पडल्याचा आवाजही आला.

मग गारठलेला हात कोटाच्या खिशात घातला तो बोटांना काहीतरी चिकट लागलं. चार घड्यांचा कागद. लोणी, पीठ आणि लालीचं एक बोट! झुल्मिराबाईंकडून ते पत्र परत घेऊन मी खिशात कधी घातलं, ते मला आजही सांगता येणार नाही. सूचिकार!

म्हणजे पेटीत काय गेलं होतं? खोली सहा. आल्याची तारीख. साडेआठ. कॉफी दुधाची, पाव दोन. खाली माझी सही. परतीची तारीख: कोरी.

मी तोंड उघडलं. पण ओतीलिया पेटीकडे असं काही बघत होती, की मी ते पुन्हा मिटलं. आणि मग मला आठवलं, तिने त्या पत्रात विचारलं होतं ते एवढंच.