धांदे गुरुजींचं नाक

प्रार्थना संपली की धांदे गुरुजी पोरांचे हात हुंगायचे.

आणीबाणी उठली त्या सुमारास मी वर्धा जिल्ह्यात आष्टीजवळच्या एका दोन-शिक्षकी शाळेत रुजू झालो. पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला आणि म्हटलं, आपली बदली नक्की शाळेतच झाली ना? धोतर-टोपीतले, ताडमाड उंच मुख्याध्यापक रांगेतून वाकत वाकत चालले आहेत, एकेका पोराचा हात दोन्ही हातांत धरून नाकाशी नेताहेत, डोळे मिटताहेत, आणि अख्खी शाळा श्वास रोखून उभी आहे.

"बोल बेटा," ते म्हणायचे. "मले वास येऊन राह्यला. पण तूच सांगशीन तं बरं."

आणि पोरं सांगायची! "गुरुजी, पाटलाच्या बगीच्यातला संत्रा तोडला." "गुरुजी, बाबाची बिडी ओढून पाह्यली." खरं बोलणाऱ्याला छडी नसे. फक्त ज्याचा संत्रा तोडला त्याच्याकडे जाऊन कबूल करून यायचं. आता हे 'फक्त' केवढं होतं, ते पाटलाचा आवाज ऐकलेल्यालाच ठाऊक.

कोणी "सडा टाकून आलो" म्हटलं की गुरुजी खूश. एकदा सरपंचाचा मुलगा ऐटीत म्हणाला, "साबणाचा वास हाय, गुरुजी." गुरुजींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अन् कामाचा काऊन नाई? जाय, दोडक्याच्या वेलाले पाणी घाल." पुढच्या आठवड्यात तो शेणाचे हात न धुताच आला. तेव्हा हात धुतले नाहीत म्हणून पुन्हा वेलाला पाणीच घालावं लागलं.

"वास लबाड बोलत नाई, मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला मात्र चैन पडेना. कुतूहलापोटी मीही माझ्या वर्गात चार-दोन हात हुंगून पाहिले. सगळ्यांना पाटीवरच्या थुंकीचा वास आला. संत्रा नाही, बिडी नाही. गुरुजींचं नाक काही तरी वेगळंच असावं, अशी माझी खात्री पटत चालली.

तेव्हा शाळेत पावडरचं दूध वाटायचे. एके दुपारी ओसरीतल्या चुलीवर दुधाचा गंज, म्हणजे तिकडचं मोठं पातेलं, चढवलेला होता. त्याच्याकडे पाठ करून, बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी भुकटी कालवून गुरुजी फळा रंगवत होते. मी गावातून येत होतो तर पारापाशीच करपल्याचा वास आला. धावत आलो. गंजाच्या बुडाशी कोळसा झालेला, आणि गुरुजी दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे कुंचला फिरवताहेत!

मी गंज उतरवला. गुरुजींनी मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुंचला खाली ठेवला.

"लहानपणी मोठा ताप आलता," ते म्हणाले. "तवापासून नाक नुसतं चेहऱ्यावर आहे. घरवाली मोगरा माळे. मी म्हणो, वा, काय वास आहे! थे खूश होये." जरा थांबून म्हणाले, "थे गेली. लेकरूबाळ नाई. कोनाचा हात धरावा, मास्तर? शाळेत निमित्त सापडलं. हात हातात आला की समजते, कोनाले ताप आहे, कोनाच्या पोटात काल रातच्यापासून काई नाई. पण जिंदगीभर पोट्ट्याइले शिकवलं, खरं बोला. अन् मीच असा लबाड. त्याइले कळलं तं उद्यापासून कोन खरं बोलन?"

मी कोणाला सांगणार नाही, असा शब्द दिला. इतक्या वर्षांची त्यांची कमाई एका करपलेल्या गंजापायी जायची, याचं मला खरंच भय वाटलं.

संध्याकाळी चौथीतली शेवंता गंज घासत होती. मला राहवेना. मी आडून आडून विचारलं, "काय गं, मोठ्या गुरुजींचं नाक भलतंच तिखट आहे, नाही?"

ती हसली. "त्याइले वास येतच नाई, गुरुजी. आमाले कवाचंच ठाऊक हाय. सुभाष तं एक डाव हाताले लसूण चोळून आलता. काईच म्हटलं नाई त्याइनं."

मी चाट पडलो. "मग खरं कशाला सांगता त्यांना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, एवढंसुद्धा कसं कळत नाही म्हणून. "थे हात धरते ना. हात धरल्यावर लबाड कसं बोलाव?" मग राखेचे हात झटकत हळूच म्हणाली, "पन आमाले ठाऊक हाय असं तुमी त्याइले सांगू नोका हं. मंग थे हात धरनार नाई."

मी मान डोलावली आणि घासलेला गंज उचलून आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली. गुरुजी रांगेपाशी येऊन घुटमळले. आज त्यांचं पाऊल पुढे पडेना. तेवढ्यात शेवंतानं आपणहून हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले. आणि त्यांना कळू नये म्हणून अख्खी शाळा रोजच्यासारखीच श्वास रोखून उभी राहिली.