बिनबियांचं कलिंगड आणि साडूची माशी

"माझ्या कलिंगडात एक जरी बी सापडली, तर भर प्रदर्शनात मिशी उतरवीन!" बागप्रेमी मंडळाच्या सभेत सरांनी टेबलावर अशी मूठ आपटली की कप उडाले! वास्तविक कुणी काही बोललंच नव्हतं. पण रागवायला सरांना समोर माणूस लागतोच असं नाही.

चौतीस वर्षं सरांनी कॉलेजात हाच धडा शिकवला होता. गुणसूत्रांचे चार संच असलेली आई, दोन संचांचा बाप, त्यांची संकरित लेक तीन संचांची. तिनाची समान वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. सगळं खडूनं! फळ एकदाही हाती आलं नाही, आणि मागच्या बाकावरून दरवर्षी तोच प्रश्न, "सर, खायला कधी?" तो खिळा निवृत्तीनंतरही रुतून होता. म्हणून सरांनी तयार संकरित बियाणं मागवून गच्चीवर लावलं. बायकोने पाकिटातला माहितीचा कागद पुढे केला, तर कडाडले, "हे मला शिकवणार?" कागद केरात गेला.

भिंतीपलीकडच्या गच्चीवर साडूची साधी, बियांची वेल होती. साडू वायरमन. तीस वर्षांचा शेजार, पण तो आला की सर तोंडासमोर पेपर धरत. "या, बसा" एकदाही म्हणाले नव्हते. एका सकाळी सरांच्या डोळ्यांदेखत एक मधमाशी साडूच्या फुलावरून उठली आणि सरळ त्यांच्या फुलावर येऊन बसली.

"साडूभाऊ! तुमची माशी आवरा! माझ्या वेलीत भेसळ होतेय!"

"माझी माशी? मी काय तिच्या गळ्यात पट्टा बांधलाय?"

"वेल उपटा, नाहीतर मंडळात तक्रार करतो!"

साडूही त्याच सासऱ्याचा जावई! त्याने फुललेली वेल मुळासकट उपटली आणि भिंतीवरून सरांच्या अंगावर भिरकावली. "घ्या! झालं शुद्ध?"

सरांनी वर जाळीही ठोकली. मग काय, फुलं येत आणि गळून पडत. पंधरा दिवस सर बायकोवर ओरडले, पाण्याच्या टाकीवर ओरडले, शेवटी बियाणं कंपनीला फोन लावला.

"लोकांना फसवता? एक फळ धरत नाही!"

"सर, जवळ साधी वेल आहे ना?" पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली. "तीन वेलींमागे एक लावायची. यांचे स्वतःचे परागकण निकामी असतात. साध्या वेलीचे माशीने आणून टाकले की फळ धरतं, बी मात्र धरत नाही. कागदावर लिहिलंय की!"

सरांनी फोन ठेवला. हाच प्रश्न त्यांनी चौतीस वर्षं परीक्षेत दोन मार्कांना घातला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना रागवायला कुणी सापडेना. प्रदर्शन महिन्यावर आलं होतं. "यंदा फळच नाही," सर पुटपुटले.

"मग हे काय?" बायकोने त्यांना गच्चीवर नेऊन जाळी उचलली, पानं बाजूला केली. खाली चेंडूएवढं एकुलतं एक फळ! "तुम्ही भांडलात ना, त्याच दिवशीची माशी. माझ्या बहिणीच्या घरून आलेली."

प्रदर्शनात ते कापलं. बी नाही! टाळ्या पडल्या, मिशी वाचली. पहिल्या रांगेत साडू मात्र खिशातला टेस्टर काढून आपली फोड टोचून टोचून तपासत होता.

"नाही सापडली," तो नाइलाजाने म्हणाला. "पण मग पुढच्या वर्षी काय पेरणार?"

"बियाणं विकत आणीन," सर म्हणाले, "पण शेजारी... तुमची वेल लागेल."

"लावीन. पण माझी माशी आली की उठून उभं राहायचं आणि म्हणायचं, या, बसा!"

सरांच्या कानशिलाची शीर ताडताड उडू लागली. पण करतात काय! यंदा रोज सकाळी गच्चीवर उभं राहून, दातओठ खात, ते माशांना "या, बसा" म्हणतात. परवा ते साडूने ऐकलं. त्याला वाटलं, आपल्यालाच म्हणाले. आला आणि बसला. चहा द्यावा लागला!