भिंगरीने फक्त घेतलं होतं

कल्पना करा हं, तुम्ही दाढी करून घ्यायला खुर्चीत बसला आहात. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. आणि नेमका वस्तरा धरलेल्याच माणसाला घाम फुटतो! त्या सकाळी भिंगरीच्या बाबांच्या दुकानात अगदी असंच झालं. खुर्चीत वकीलकाका होते, आणि गिऱ्हाइकांसाठी गाणी लावायचं खातं सांभाळणारी भिंगरी कोपऱ्यात संगणकापाशी.

बाबांचा फोन वाजला. हाताला फेस, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. एक बाई इंटरनेट कंपनीतून बोलत होत्या.

"तुमच्या कनेक्शनवरून गाण्यांचा एक अल्बम बेकायदा वाटला जातोय. गायिकेकडून तक्रार आलीय. आज थांबलं नाही तर कनेक्शन तोडू, आणि त्या तुमच्यावर दावा लावतील."

"वाटला? मी?" फोन ठेवून बाबा ओरडले. "अहो, साधा फोटो पाठवायचा तर मी पोरीला हाक मारतो!"

"आधी तो वस्तरा खाली ठेवा," वकीलकाका मान मागे घेत म्हणाले.

बाबांनी वस्तरा ठेवला आणि पोरीकडे वळून पाहिलं. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मी नाही वाटला, बाबा. फुकट मिळत होता म्हणून फक्त घेतला."

"बघा वकीलसाहेब! ही कुणाला कशाला देतेय? चॉकलेटचा तुकडा देत नाही ही!"

"बाबा!"

"अगं, ज्या प्रोग्रॅमने घेतलास ना," काका म्हणाले, "तो घेता घेता तेच दुसऱ्यांना देत सुटतो. तू झोपलीस तरी त्याचं दुकान उघडंच."

भिंगरीने पडद्यावर पाहिलं. अल्बम उतरवून घेणाऱ्यांची लांबलचक यादी सरकत होती. "म्हणजे हे सगळे आपल्याकडून नेतायत?"

बाबाही वाकले. "इतकी गिऱ्हाइकं? आणि इथे खुर्चीत एकच!"

"बंद करा आधी!" वकीलकाका कडाडले.

भिंगरीने झटकन प्रोग्रॅम बंद केला. पण डोक्यातला गुंता काही सुटेना.

"काका, आमच्या शाळेतल्या बाई तर सांगतात, आपल्याकडचं दुसऱ्याला द्यावं."

"आपलं असेल ते. हा अल्बम त्या गायिकेचा. न विचारता घेणं ही एक चूक, तो वाटत सुटणं ही त्याहून मोठी."

"मग मला पकडतील?"

"कनेक्शन बाबांच्या नावावर आहे. कोर्टात बाबांना बोलावतील, भरपाईही त्यांच्याकडेच मागतील."

बाबा मटकन बाकावर बसले. "मी तिथे सांगू काय? मी तो अल्बम ऐकलेलासुद्धा नाही!"

"मीही नाही," काका म्हणाले. "लाव बरं एक गाणं. प्रकरण नीट समजून घ्यायला हवं."

भिंगरीने लावलं. काकांनी डोळे मिटले. त्यांचा पाय ताल धरू लागला, गालावरचा फेस वाळून गेला, आणि गाणं संपलं तरी ते डुलतच राहिले.

"काय गळा आहे! भिंगरे, पुसून टाकायच्या आधी एवढं एक मला पाठव गं."

बाबांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी आरशात स्वतःकडे पाहिलं.

भिंगरीने मात्र सगळा अल्बम पुसला, प्रोग्रॅमही काढून टाकला. मग तिने रेडिओ लावला, आणि एक स्टूल ओढून काकांच्या शेजारी जाऊन बसली.

"ते गाणं लागेल केव्हातरी, काका," ती म्हणाली. "तोवर आपण वाट बघू."