अडथळा: हेच

महापालिकेच्या प्रकल्प नियोजन कक्षातले अधिकारी घरीही तक्त्यातच बोलत. बायकोने एखादं काम सांगितलं की म्हणत, "यादी कर, बघतो." एका रविवारी वैतागून बायकोने त्यांचा लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि ऑफिसच्याच तक्त्यात यादी भरून ठेवली.

सोमवारी आयुक्तबाईंसमोर आढावा होता. सगळे खातेप्रमुख हजर. अधिकाऱ्यांनी घाईघाईत फाईल उघडली आणि भिंतीवरच्या पडद्यावर आलं : 'बाथरूमचा नळ. मुदत : मार्च. प्रगती : शून्य. जबाबदार : हे. अडथळा : हेच.'

"हा नळ कुठल्या प्रभागातला?" पाणीपुरवठ्याचे अभियंता दचकून म्हणाले. "आमच्याकडे नोंद नाही."

"आमच्या घरातला," अधिकारी पुटपुटले.

आयुक्तबाई हसल्या नाहीत. चष्मा सारखा करून त्यांनी तक्ता शेवटपर्यंत वाचला. "चार वर्षं मी आढावे घेतेय. अडथळा काय, तर तांत्रिक कारण, समन्वयाचा अभाव. आज पहिल्यांदा तिथे माणूस दिसला. कुणी भरलंय?"

"बायकोने."

"हुशार आहेत. शुक्रवारपर्यंत सगळ्या खात्यांनी असंच भरून द्या. कारण नको, माणूस हवा."

शुक्रवारी बावन्न प्रकल्पांचे तक्ते आले. अधिकारी एकेक जोडत गेले. उड्डाणपूल, अडथळा : नियोजन अधिकारी. उद्यान : नियोजन अधिकारी, दर आठवड्याला तक्ता नव्या नमुन्यात मागतात. मलनिस्सारण खात्याने तर त्यांचा मोबाइल नंबरही दिला होता. पन्नास ठिकाणी तेच. उरलेले दोन प्रकल्प त्यांच्या कक्षातून जात नव्हते, म्हणून वेळेत चालले होते.

या नोंदी बदलाव्यात असं त्यांच्या मनात आलं. पण बदलायला पन्नास सह्या लागल्या असत्या.

आयुक्तबाईंनी अहवाल वाचला. अधिकारी मान खाली घालून उभे होते. आता बदली होणार, या विचाराने त्यांना खरं तर बरंच वाटत होतं. कुठेतरी लहान गावात, एकच रस्ता असलेल्या.

"म्हणजे पन्नास कामं तुमच्याशिवाय हलत नाहीत?"

"असं दिसतंय, मॅडम."

"आणि मला पत्ताच नाही! मग ते दोन प्रकल्प बाहेर कशाला? तेही तुम्हीच घ्या."

अधिकारी टेबलापाशी परतले, तक्ता उघडला आणि त्या दोन प्रकल्पांपुढे, पुढचा त्रास नको म्हणून, अडथळ्याच्या रकान्यात स्वतःचं पद आधीच भरून टाकलं.