नावातल्या अनधिकृत वेलांट्या

सुधारणा थांबवता येत नाही. फार तर ती झाल्यावर रांगेत उभं राहता येतं.

धुळ्याच्या दाखला केंद्राचं संकेतस्थळ बिनतक्रार चालत होतं. जळगावात बसून त्याची देखभाल करणाऱ्या स्वप्नीलला हे खटकत होतं. त्याने आतली एक लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला, सगळ्यांनी न वाचता वापरायचा कोड) अद्ययावत केली. नावात फक्त अक्षरंच आहेत ना, हे तपासणारा नियम जुनाच राहिला. नव्या लायब्ररीने त्याचा अर्थ तेवढा बदलला. काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरातला हलन्त ही अक्षरं नव्हेत, असं ठरलं.

साक्रीकडचा खाज्या लेक सुनिताला घेऊन रहिवासी दाखल्यासाठी आला. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. पडद्यावर आलं, ‘नावात अनधिकृत चिन्हे.’

खिडकीतल्या नूतन मॅडम मदतीला तत्पर. “चिन्हं काढून टाकू. खाज्याचं खजय होतं. सुनिताचं सनत.”

“मॅडम, मना बापनी ठेयेल नाव शे,” खाज्या म्हणाला.

“तेव्हा जुनी लायब्ररी होती.”

सुनिताने घड्याळाकडे पाहिलं. “बा, ऱ्हाऊ दे. माले नर्स व्हनं शे.”

दाखला मिळाला. ही जागा मुलींची आहे, असं कॉलेजने सनतला नम्रपणे कळवलं आणि उद्यापर्यंत मुदत दिली. (वसतिगृह मात्र मुलांचं देऊ केलं.)

तिकडे तक्रारींचा पाऊस पडला. (कमल आणि मदन नावाच्या नागरिकांची एकही तक्रार नाही, असं अहवाल अभिमानाने सांगतो.) स्वप्नील दुरुस्तीला बसला, तर त्यालाच आत शिरता येईना. चिन्हं काढून पाहिली, तर सवपनल नावाचा कर्मचारी नोंदीत नव्हता. शेवटी मदन नावाच्या सहकाऱ्याच्या खात्यातून त्याने जुनी लायब्ररी परत बसवली.

दुसऱ्या दिवशी सुनिता बापाला घेऊन, खऱ्या नावाचा दाखला मागायला पुन्हा खिडकीशी. मॅडम म्हणाल्या, “या पत्त्यावर सनत राहतो. त्याची हरकत नसल्याचं लिहून आणा.”

“सनत मीच आहे.”

“तसं त्याने लिहून द्यावं.”

सुनिताने बाकावर बसून आधी सनतची सही केली, मग स्वतःची. प्रवेश झाला. परतीच्या एसटीत खाज्याने काही काम नसताना तिला दोनदा नावाने हाक मारली.

वाचकहो, हसा. खाज्याने निदान एकदा नाही म्हणून पाहिलं. तुम्ही मात्र दिसेल त्या चौकटीत आपलं नाव इंग्रजी अक्षरांत टंकून मोकळे होता, आणि तेही कुणी नाकारायच्या आधीच.