हाडसाहेबांनी मावळता सूर्य धरून आणिला, त्या तीन संध्याकाळींची हकीकत

ऐका खाविंद, चित्त देऊन ऐका. वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे घालावे तर लेखणी मोडेल, आणि न घालावे तर कोणी वाचणार नाही, असा आमचा पेच आहे.

इस्पितळाचे एक्स-रे खात्याचे जुने मानकरी, ज्यांस तमाम आलम हाडसाहेब म्हणे, त्यांचे कुटुंब बाईसाहेब जिन्यावरून घसरोन पाय मोडते जाले. प्लास्टर मांडीपर्यंत चढले, आणि सहा आठवडे बाजेवरून हलू नये ऐसा डॉक्टरांचा सक्त हुकूम जाला. बाईसाहेबांचा तीस वर्षांचा शिरस्ता ऐसा की रोज सांज जाली म्हणजे घरावरल्या गच्चीत जावे आणि सूर्य बुडेतो उभे राहावे. इकडे समोर नव्या इमारतीचा गनीम मजल्यामागे मजला चढवीत आला होता. मग मुकादमाने खबर दिली की चौथे दिवशी वरचा स्लॅब पडणार, म्हणजे पश्चिम दिशा कायमची बंद. प्लास्टर निघेतो सूर्य हातचा जाणार हे ऐकोन बाईसाहेबांनी भिंतीकडे तोंड केले आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

हे पाहोन हाडसाहेबांचे काळीज चरकले. जन्मभर लोकांच्या बरगड्यांच्या तसबिरा काढिल्या, एक सूर्य तो काय, ऐसे म्हणोन त्यांनी विडा उचलिला. हत्यार म्हणावे तर कन्येने टाकून दिलेला, काच तडकलेला फोन. तोच कमरेस खोवून खासा स्वारी जिना चढली.

पहिले संध्याकाळी फोनाचे तोंड उलटे फिरले, आणि सूर्य समजोन हाडसाहेबांनी आपल्याच नाकपुड्यांच्या चार तसबिरा काढिल्या. त्यांत अंधार बहुत होता. बाईसाहेबांनी पाहिले आणि म्हटले, "केस कापा ते."

दुसरे संध्याकाळी तोंड नीट फिरविले, नेम धरिला, आणि सूर्यास दरडावून हुकूम केला, "श्वास रोखा! हलू नका!" येथवर ठीक जाले. पुढे घात जाला. एक्स-रे खात्यात ऐसी रीत आहे की रोग्यास हुकूम द्यावा आणि आपण जाड पडद्याआड जाऊन बटण दाबावे. ती रीत हाडी मुरलेली. हाडसाहेब हुकूम देऊन तडक पाण्याच्या टाकीआड गेले आणि मग बटण दाबिते जाले. तेथे यंत्र खोलीत राहत असे, येथे यंत्र हातातच आहे, हे भान राहिले नाही. ऐसे अकरा वेळा जाले. अकरा तसबिरांत टाकीची एकही बाजू सुटली नव्हती, तळाचे शेवाळ तर फारच उत्तम आले होते.

बाईसाहेब एकेक तसबीर पाहत गेल्या, आणि मग ऐशा हसल्या की प्लास्टर बाजेवर खडखड वाजू लागले. "अहो, तुम्ही बटण दाबायला पळता की काय टाकीमागे?"

हाडसाहेब ओशाळून म्हणाले, "पाय आपोआप जातात गं. तीस वर्षांची सवय."

"मग उद्या पेशंट तुम्ही. हुकूम मी देणार."

तिसरी संध्याकाळ निर्वाणीची. दुसरे दिवशी स्लॅब. घराचे दार सताड उघडे ठेविले, बाज दारापाशी ओढिली, आणि हाडसाहेब गच्चीत कठड्यास पोट टेकवून उभे राहिले. पायऱ्यांवर तांबडे ऊन कोणत्या पायरीस आले म्हणजे सूर्य कोठे असतो, हे बाईसाहेबांस मुखपाठ. ऊन तिसरे पायरीस लागताच खालून गर्जना जाली, "श्वास रोखा! हलायचं नाही!" हाडसाहेबांचा उजवा पाय टाकीकडे निघाला होता, तो जागीच थिजला. बटण दाबिले. "सोडा!" ऐसा हुकूम आला आणि हाडसाहेबांनी श्वास सोडिला.

परंतु स्वारी खाली येईना. बाईसाहेबांनी दोनदा हाक मारिली, मग कपाळाला हात लाविला. पायऱ्यांवरले ऊन गेले, जिन्यात दिवा लागला, तेव्हा हाडसाहेब हळूहळू उतरोन आले आणि फोन हाती दिला. तसबिरीत निम्मा अंगठा होता, आणि समोरल्या इमारतीच्या सळयांच्या वर मसुराच्या डाळीएवढा सूर्य होता. बाईसाहेबांनी तो पदराने पुसोन पुसोन पाहिला. डोळे भरले.

"आला हो. तोच आहे. एवढा वेळ काय करत होतात वर?"

"राहिलो बघत," हाडसाहेब म्हणाले. "यात काहीच आलं नाही गं त्यातलं. केवढा असतो तो!"

"तीस वर्षं काय सांगत होते मी? या एकदा वर, या एकदा वर."

पहिल्यांदा नीट पाहिला तोच अखेरचा, हे हाडसाहेबांस उमगले आणि फार वाईट वाटले. मग ते बाजेच्या कडेस, प्लास्टरास धक्का न लागेल ऐसे बसले आणि म्हणाले, "रोज कसा असायचा, सांग."

बाईसाहेबांनी लग्नानंतरच्या पहिल्या संध्याकाळपासून सांगावयास घेतले. मोहीम हाडसाहेबांची, फत्ते बाईसाहेबांची, ऐसे दफ्तरी दाखल केले असे.