रंग गिळणारी माती

"आज बेनना असा चमत्कार दाखवतो, की नोटीस फाडूनच घरी जातील!" गोरधनभाई हिरपरा सकाळपासून हे निदान दहा जणांना ऐकवून मोकळे झाले होते. जेतपूरला त्यांचा साड्या छापायचा कारखाना. बेन म्हणजे प्रदूषण खात्याच्या बक्षीबेन. त्यांनी कुलूप लावायची नोटीस धाडली होती आणि आजची तपासणी शेवटची. पण भाईंना घाम फुटला नव्हता. त्यांच्याकडे माती होती!

कच्छची माती. तिला साबणासारख्या एका रसायनात मुरवलं, की ती पाण्याशी कट्टी करते आणि रंगाला मिठी मारते. महिनाभर भाईंनी घरातल्या बादल्यांत प्रयोग केले. बायको वैतागून म्हणाली, "अहो, आंघोळीला तरी एक बादली सोडा!" पण लालभडक पाणी खरोखरच नितळ व्हायचं. जन्मात पहिल्यांदा भाईंच्या हातून काहीतरी खरं घडलं होतं, म्हणून तर एवढी ऐट!

दहाला फाटकातून सरकारी जीप आत शिरली. भाईंनी बेनना आधी ऑफिसात नेलं. गाठिये, तळलेल्या मिरच्या, पपईचा संभारो... बेन नको नको म्हणत होत्या, भाई वाढत होते. अर्धा तास तिथेच गेला.

मग सगळी वरात सांडपाण्याच्या टाकीपाशी आली.

"बघा बेन, आत कसं लालभडक..."

भाई वाकले आणि वाकलेलेच राहिले. टाकीचा तळ दिसत होता!

"कानजी!"

फोरमन कानजी लगबगीने आला आणि भाईंच्या कानाशी लागला. "जीप दिसली तसा चोरपाइप उघडला, भाई. लाल पाणी भादर नदीत, टाकीत बोअरचं. आज तर नेहमीपेक्षा लवकर उरकलं!"

"गाढवा, आज घाणच दाखवायची होती!"

"अठरा वर्षांत असं कधी म्हणालात?" कानजी दुखावला.

"काय कुजबुज चाललीय? सुरू करा ना, भाई," बेन म्हणाल्या.

करतात काय! भाईंनी माती टाकली, ढवळली. आधीचं स्वच्छ पाणी मातीने गढूळ झालं.

बेनना हसू आवरेना. "वा! स्वच्छ पाणी घाण करायची माती! कुणी हो फसवलं तुम्हाला?"

हे मात्र भाईंना मिरचीसारखं झोंबलं. नोटीस, कुलूप, सगळं विसरले. माझ्या मातीला नावं ठेवता?

"कानजी, नदीवरून बादली भरून आण! आपल्या पाइपाच्या तोंडाशी बुडव, तिथे दाट असतं!"

कानजीचे डोळे पांढरे झाले. "भाई, अहो..."

"आण म्हणतो ना!"

बादली आली. लालभडक! भाईंनी माती घातली, ढवळली, फडक्यातून ग्लासात गाळली. पाणी काचेसारखं! कामगारांनी टाळ्या पिटल्या. बेननी ग्लास उजेडात धरून निरखला.

"कमाल आहे, भाई! आणि हा रंग तुमचाच ना? शेजारच्या कारखान्याचा नाही?"

"छट्! त्यांना जमेल होय असा पक्का लाल?" भाई छाती फुगवून म्हणाले.

बेननी तिथेच कागद लिहून दिला. वर मातीचं भरघोस कौतुक होतं. खालच्या ओळीत कारखान्याला कुलूप.

फाटकावर लाखेचा शिक्का बसला. मग भाईंनी कागद पुन्हा वाचला आणि हळूच विचारलं, "कानजी, खालची ओळ दुमडून याची फ्रेम करता येईल का रे?"